चौघांनी मिळून १०० किलोमीटर: मदतनिधीसाठी चालायचं तर

देणग्या गोळा करण्यासाठी लांब पल्ला चालायचा, याचा सगळ्यांत जुळून आलेला साचा हाँगकाँगचा. तिथल्या गुरखा सैनिकांच्या सरावातून १९८१ साली ‘ट्रेलवॉकर’ सुरू झाला आणि १९८६मध्ये तो सामान्य लोकांना खुला झाला. मॅकलिहोज ट्रेल या डोंगरवाटेचे १०० किलोमीटर, चौघांचा संघ, ४८ तासांची मुदत. मित्रमंडळींनी आपल्याकडे असं काही करायचं ठरवलं तर हाच साचा उचलावा. चार हा आकडा उगाच नाही: एकाचा पाय मुरगळला तर एक जण त्याच्यापाशी थांबतो, दोघं मदत आणायला जातात आणि रात्री-अपरात्री कुणीच एकटं पडत नाही.

आधी हिशेब करा. ताशी साडेचार किलोमीटरने १०० किलोमीटरला २२ तास लागतात. पण दहा थांबे ठरवले आणि प्रत्येक ठिकाणी पाऊण तास रेंगाळलात, तर साडेसात तास बसण्यातच गेले. म्हणून वेग वाढवण्यापेक्षा थांबे आवरा: साधा थांबा १५ मिनिटांचा, जेवणाचा ४०. चौघांत जो सगळ्यांत सावकाश चालतो त्याला पुढे ठेवा. मागे ठेवलात तर तो सतत गाठायला धावतो, आणि बाकीचे थांबलेले असतात ते तो पोचताच निघतात, म्हणजे विश्रांतीची खरी गरज असलेल्यालाच ती मिळत नाही.

मार्ग डिसेंबर-जानेवारीतल्या चालीसाठी आखा. पहिल्या खेपेला एखाद्या गावात मुक्काम ठेवून २५ किलोमीटरच्या चार फेऱ्या माराव्यात. सामान एका जागी राहतं आणि कुणी गळालं तरी पंचाईत होत नाही. (फेरी संपली की गादी दिसते आणि मन फितूर होतं, हा तोटा धरूनच चला.) कोकणातला सागरी रस्ता देखणा खरा, पण आगरदांडा–दिघी किंवा वेसवी–बागमांडला इथली फेरीबोट रात्रभर चालत नाही. धक्क्यावर किती वाजता पोचणार, ते आधी मांडा आणि शेवटच्या फेरीची वेळ तिथेच फोन करून विचारा.

सरावाला १४ आठवडे हवेत. आठवड्यात तीनदा तासभर चाला आणि रविवारी लांब पल्ला: १२, १५, २० असं वाढवत ४०पर्यंत. दर चौथ्या आठवड्यात पल्ला कमी करा. एकदा तरी शनिवारी ३० आणि लगेच रविवारी २० चाला, दुखऱ्या पायांनी चालायची सवय त्यातूनच होते. एक सराव पूर्ण रात्रीचा हवा. १०० किलोमीटरची रंगीत तालीम करू नका. शेवटचे दोन आठवडे हलके ठेवा.

चाल बहुतेक वेळा मोडते ती पावलांपाशी. तासन्‌तास चालल्यावर पाऊल सुजतं, त्यामुळे बूट संध्याकाळी घ्या, नेहमीपेक्षा अर्धा ते एक नंबर मोठे, आणि सरावात चांगले रुळवा. मोजे सुती नकोत. सूत घाम धरून ठेवतं, ओली कातडी मऊ पडते आणि घासून फोड येतो. निघण्यापूर्वी बोटांच्या बेचक्यांत, टाचेला आणि मांड्यांच्या आतल्या बाजूला व्हॅसलीन चोळा. नखं तीन-चार दिवस आधीच कापा. कुठे चुरचुरलं की त्याच क्षणी थांबा, पाय कोरडा करा, व्हॅसलीन पुसा आणि कोपरे गोल कापलेली चिकटपट्टी सुरकुती न पडता लावा. ‘पुढच्या थांब्यावर बघू’ म्हणालात की फोड आलाच. फोड मोठा आणि ठणकता असेल तर जंतुनाशक लावून निर्जंतुक सुईने कडेला टोचा, पाणी दाबून काढा, वरची कातडी मात्र तशीच राहू द्या. दर २५ किलोमीटरला मोजे बदला.

पाणी तासाला साधारण ४०० ते ६०० मिलीलिटर, तहान पाहून. नुसतंच पाणी ढोसत राहिलात तर रक्तातलं मीठ पातळ होतं: बोटं सुजतात, डोकं दुखतं, मळमळतं, आणि लोक त्याला पाणी कमी पडलं समजून आणखी पितात. ओआरएसचं एक लिटरचं पाकीट पूर्ण एक लिटरमध्येच घाला. दर तासाला थोडं खा: राजगिरा लाडू, चिक्की, खजूर, मीठ लावलेला उकडलेला बटाटा. रात्री मऊ मेतकूट-भात पोटाला मानवतो, वडापाव छातीत जळजळतो. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक ही वेदनाशामक औषधं चालताना टाळा. शरीरातलं पाणी कमी असताना ती मूत्रपिंडावर येतात.

रात्री प्रत्येकाच्या डोक्याला टॉर्च, अंगात चमकणारं जाकीट, आणि रस्त्याच्या उजव्या कडेने चाला, समोरून येणारी गाडी दिसते. पहाटे दोन ते चार डुलक्या येतात. गजर लावून २० मिनिटं झोपा. त्याहून लांबलं तर उठताना पाय लाकूड झालेले असतात.

पैशांचं काम महिनाभर आधी सुरू करा. संस्थेची ८०जी नोंदणी (देणगीदाराला करसवलत मिळवून देणारी) चालू आहे ना, पाहा. देणगी थेट संस्थेच्या खात्यात जाऊ द्या, कुणा मित्राच्या यूपीआयवर नको. पावती देणगीदाराच्या नावाची लागते, आणि २००० रुपयांवरच्या रोख देणगीला करसवलत मिळत नाही. परदेशातला भाऊ भारतीय पासपोर्टवर असेल तर त्याची स्वतःच्या बचतीतली देणगी परदेशी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर संस्थेकडे एफसीआरए, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी हवी. गाडी, जेवण, टॉर्च हा खर्च चौघांनी खिशातून करावा आणि देणगीदारांना तसं आधीच कळवावं.

सोबतच्या गाडीला दोन माणसं लागतात, आळीपाळीने झोपणारी. खुर्च्या, गरम पाणी, पायपुसणं आणि प्रत्येकाच्या नावाची पिशवी वरच ठेवा. परतीचं चालवणं याच दोघांपैकी झोप झालेल्याकडे. चाललेल्या चौघांपैकी कुणीही त्या दिवशी स्टिअरिंगला हात लावायचा नाही.