मुलांना अँटिबायोटिक देताना या चुका टाळा

डॉक्टरांनी औषध बरोबर लिहून दिलं, दुकानातून बरोबर आणलं, तरी मुलाच्या पोटात चुकीचा डोस जातो. गडबड बहुतेक वेळा बाटली हातात आल्यावर होते.

मुलांची बरीच अँटिबायोटिक्स कोरड्या पावडरीत येतात. आधी बंद बाटली हलवून तळाची पावडर सुटी करा. उकळून पूर्ण गार केलेलं थोडं पाणी घालून जोरात हलवा, मग खुणेपर्यंत पाणी भरून पुन्हा हलवा. फेसामुळे पातळी खोटी दिसते. तो बसू द्या आणि कमी पडलं तर तेवढंच पाणी वाढवा. पाणी कमी तर प्रत्येक डोस जास्त तीव्र, पाणी जास्त तर प्रत्येक डोस फिका. खोक्यात पाण्याची कुपी असेल तर तीच वापरा.

औषध तळाशी बसतं, म्हणून दर वेळी बाटली हलवायचीच. नाही हलवली तर सुरुवातीचे डोस पातळ जातात आणि शेवटचे कडक.

सर्वांत धोक्याची चूक म्हणजे मिलिग्रॅम (औषधाचं वजन) आणि मिलिलिटर (द्रवाचं माप) यांची गल्लत. एकाच औषधाची एक बाटली ५ मिलीत १२५ मिग्रॅची असते, दुसरी ५ मिलीत २५० मिग्रॅची. मुलाला २५० मिग्रॅ द्यायचं असेल तर पहिलीतून १० मिली आणि दुसरीतून ५ मिली. म्हणून 'मागच्या वेळेइतकंच' हा हिशेब कधीच धरू नका. दुकानदाराने वेगळी बाटली दिली, तर किती मिली द्यायचं ते तिथेच विचारून लेबलवर लिहून घ्या. डोस मुलाच्या वजनावर ठरतो; थोरल्याचं उरलेलं औषध धाकट्याला देणं यासाठीही चूक आहे.

घरातला चमचा मोजमापाचा नाही. खुणा असलेली सिरिंज वापरा, तिचं टोक गालाच्या आतल्या बाजूला ठेवून हळूहळू औषध सोडा. थेट घशावर सोडलं तर ठसका लागतो. दुधाच्या भरल्या बाटलीत मिसळलं आणि मुलाने अर्धंच प्यायलं, तर किती पोटात गेलं ते कळणार नाही.

पाणी घातल्याची तारीख बाटलीवर लिहा. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्ह्युलनेटचं मिश्रण फ्रिजमध्ये साधारण ७ दिवस टिकतं. क्लॅरिथ्रोमायसिन मात्र फ्रिजमध्ये ठेवायचं नाही. आपल्या बाटलीवरची सूचना वाचाच.

एक डोस चुकला तर आठवताच द्या. पुढची वेळ जवळ आली असेल तर चुकलेला सोडा, पण दोन डोस एकत्र नकोत. औषध दिल्यावर अर्ध्या तासात उलटी झाली, तर पुन्हा द्यायचं का ते डॉक्टरांना विचारा. ताप उतरला म्हणून स्वतःहून औषध थांबवू नका. दोन-तीन दिवसांतही फरक नसेल तर डोस वाढवू नका, मूल पुन्हा दाखवा. साधी सर्दी विषाणूमुळे होते, तिच्यावर अँटिबायोटिक चालतच नाही.

पातळ शी होणं नेहमीचं आहे, तेव्हा पाणी पाजत राहा. पण शीमध्ये रक्त दिसलं किंवा अंगावर पुरळ आलं, तर पुढचा डोस देण्याआधी डॉक्टरांशी बोला. ओठ-चेहरा सुजला, श्वास घ्यायला त्रास झाला, मूल एकदम गळून गेलं, तर फोनवर वेळ न घालवता तातडीच्या विभागात न्या आणि औषधाची बाटली सोबत घ्या.