डिफरन्शियल: खोलून बांधायचं की अख्खं बदलायचं?

गिअरबॉक्स चुकीचा बांधला तर गिअर पडत नाही, चूक जागेवरच कळते. डिफरन्शियलचं, म्हणजे वळताना दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणाऱ्या गिअरच्या संचाचं, तसं नाही. चुकीचं बांधलं तरी गाडी मजेत निघून जाते आणि काही दिवसांनी रडत परत येते. त्यामुळे या कामात नव्याने शिरणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: हे खोलून बांधू, की दुसरं आणून बसवू? मी बोलतोय ते मागच्या हौसिंगमधल्या (मागच्या ॲक्सलवरच्या लोखंडी पेटीतल्या) डिफरन्शियलबद्दल. पुढच्या चाकांवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत ते गिअरबॉक्सच्या पोटात असतं, त्याचा हिशेब वेगळा.

आधी आवाज खरंच तिथूनच येतोय ना, याची खात्री करा. मोकळ्या रस्त्यावर स्टिअरिंग हलकं डावी-उजवीकडे झुलवल्यावर घरघर कमीजास्त झाली, तर संशय चाकाच्या बेअरिंगवर घ्या. ॲक्सिलरेटर दिल्यावर एक सूर आणि सोडल्यावर दुसरा, हे क्राउन-पिनियनचं लक्षण (पिनियन म्हणजे शाफ्टकडून जोर आणणारा छोटा गिअर, क्राउन म्हणजे तो ज्याला फिरवतो ते मोठं चक्र). फक्त वळणावर खडखड होत असेल तर आतले स्टार गिअर (दोन चाकांत जोर वाटणारे छोटे गिअर) बघा. गिअर टाकताना 'ठक' वाजत असेल तर हौसिंगला हात लावण्याआधी प्रोपेलर शाफ्टचे (गिअरबॉक्सकडून मागे जोर आणणाऱ्या दांड्याचे) क्रॉस, म्हणजे सांधे, हलवून पाहा. चांगलं डिफरन्शियल खोललं जातं ते बहुतेक वेळा याच 'ठक'पायी.

मग ऑइल काढा. ड्रेन प्लगच्या चुंबकावर करड्या रंगाचा मऊ चिखल असेल तर घाबरू नका, ती नेहमीची झीज आहे. तो चिखल दोन बोटांत चोळा. चकचकीत पापुद्रे टोचले, तर दातांचा किंवा बेअरिंगचा पृष्ठभाग सुटायला लागलाय. ऑइल कमी निघालं तर सील गळतंय, आणि सील गळत असेल तर ब्रीदरही (हौसिंगमधली हवा बाहेर सोडणारं छिद्र) तपासा. ब्रीदर तुंबला की आत दाब वाढतो आणि नवं सीलसुद्धा गळतं.

यानंतरची पायरी नवखे हमखास गाळतात: सुटं करण्याआधी मोजायचं. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) लावून बॅकलॅश, म्हणजे दातांमधली मोकळी जागा, घ्या, क्राउनच्या दातांना मार्किंग पेस्ट लावून ठसा (दात एकमेकांना कुठे टेकतात त्याची खूण) घ्या आणि दोन्ही लिहून ठेवा. बेअरिंग कॅपवर डावी-उजवी खूण करा. या कॅप हौसिंगला जोडूनच बोअर केलेल्या असतात, अदलाबदल चालत नाही.

खोलल्यावर निर्णय बराचसा आपोआप होतो. दात स्वच्छ आहेत आणि नुसती बेअरिंग गेलीत? मग बांधा, आणि जुनी जोडी जुन्याच बॅकलॅशवर बसवा. एकमेकांना सरावलेले दात नव्या जागी बसवले की रडतात. दातांना खड्डे पडले असतील तर क्राउन आणि पिनियन दोन्ही बदला. ते जोडीनेच घासून जुळवलेले असतात. एकटा पिनियन बदलणं म्हणजे आवाज विकत घेणं. बेअरिंगची रेस (बाहेरची कडी) हौसिंगमध्ये फिरून तिची बैठक सैल झाली असेल, किंवा हौसिंगला तडा असेल, तर मी बांधायच्या फंदात पडत नाही. अख्खं बदलतो.

बांधायच्या कामातला खरा वेळ जुळवण्यात जातो. ठसा दाताच्या माथ्याकडे आला तर पिनियन क्राउनपासून लांब आहे. पिनियनच्या डोक्यामागे शिम (जागा भरणारी पातळ चकती) असेल तर ती जाड घाला. मुळाकडे आला तर पातळ. ठसा दाताच्या बाहेरच्या टोकाकडे सरकला तर क्राउन पिनियनकडे घ्या, आतल्या टोकाकडे गेला तर लांब. बॅकलॅश पुष्कळ गाड्यांत 0.13 ते 0.20 मिमीच्या आसपास असतो, पण शेवटचा शब्द त्या गाडीच्या मॅन्युअलचा. पिनियनचा प्रीलोड (बेअरिंगवर आधीच दिलेला दाब) नट किती आवळला यावर नाही, पिनियन फिरवायला किती जोर लागतो यावर मोजतात. नव्या बेअरिंगचा आकडा जुन्यापेक्षा जास्त असतो. क्रश स्लीव्ह (नट आवळताना दबणारी नळी) असेल तर नट थोडा थोडा आवळा. प्रीलोड वर गेला तर नट मागे फिरवून भागत नाही, नवी स्लीव्हच घालावी लागते. डायल गेज आणि छोटे आकडे दाखवणारा टॉर्क रेंच (फिरवायला लागणारा जोर मोजणारा पाना) नसेल तर सरळ दुसरं बसवा. अंदाजाने बांधलेल्यापेक्षा ते केव्हाही बरं.

बदलायचं ठरलं की आधी दात मोजा. क्राउनचे 41 आणि पिनियनचे 11 असतील तर रेशो (क्राउनचे दात भागिले पिनियनचे दात) 3.73, पिनियनचे 10 असतील तर 4.10. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. चारही चाकांवर चालणाऱ्या गाडीत पुढचा आणि मागचा रेशो जुळला नाही, तर सुक्या रस्त्यावर ट्रान्सफर केस (पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी पेटी) पिळून निघेल. ॲक्सलचे स्प्लाइन (टोकाचे खाचे) आणि एबीएसची (चाकाचा वेग मोजणारी) रिंगही ताडून पाहा. जुन्या गाडीचं काढलेलं घेत असाल तर कव्हर उघडून दात बघितल्याशिवाय घेऊ नका, आणि डिफरन्शियल गाडीला चढवण्याआधीच त्याची सील नवी टाका. वर चढवल्यावर तेच काम दुप्पट होतं.

ऑइल मॅन्युअलमध्ये दिलेल्याच दर्जाचं भरा. हायपॉइड (पिनियन क्राउनच्या मध्यापासून खाली-वर सरकवलेल्या जोडीचे) दात एकमेकांवर घसरत चालतात, त्यामुळे बहुतेक ठिकाणी जीएल-5 दर्जाचं गिअर ऑइल लागतं. लिमिटेड स्लिप (एकच चाक मोकळं फिरू न देणारं) डिफरन्शियल असेल तर त्याचं ॲडिटिव्ह वेगळं घालायचंय का, तेही बघा. नवी जोडी असेल तर सुरुवातीला 20-25 किमी शांतपणे चालवून गाडी पूर्ण थंड होऊ द्या, असं दोन-तीनदा करा. सुमारे 800 किमीपर्यंत ट्रेलर ओढू नका, आणि त्यानंतर पहिलं ऑइल काढून टाका.