बी एकाच झाडाचे नको: माळावरच्या झाडांसाठी एप्रिल ते जूनची कामे

बाभळीच्या शेंगा वाळून खाली पडू लागल्या आहेत. हिवराच्या शेंगा फांदीवरच खुळखुळतात. अंजनाच्या चपट्या, पातळ शेंगा वाऱ्यावर गिरक्या घेत बांधाला येऊन अडकतात. आतापासून पहिल्या पावसापर्यंतचे हे काही आठवडेच माळावरच्या झाडांचे बी जमवण्याचे. बांधावर, माळावर, गायरानात देशी झाडे लावायची असतील, तर रोपांच्या आधी बियांचा विचार करा, आणि तो आत्ताच करा.

दरवर्षी एक चूक सर्रास होते. रस्त्याकडेला एक डेरेदार बाभूळ दिसते, खाली गोणपाट अंथरायचे, आकडीने फांद्या झोडायच्या, एका सकाळीत पोतेभर शेंगा. त्यातून हजार रोपे होतात, कार्यक्रमात लागतात, फोटो निघतात. पण त्या हजार रोपांची आई एकच. पुढे ती मोठी होऊन एकमेकांतच फळली, की बी पोचट निघते, रोपे कमजोर निघतात. धनगराला हे सांगावे लागत नाही. कळपातला मेंढा तो काही वर्षांनी बदलतोच, दुसऱ्या कळपातून आणतो. झाडांच्या बाबतीत मात्र हीच गोष्ट आपण विसरतो.

पूर्वी ही चूक खपून जायची, कारण आजूबाजूला झाडे भरपूर होती आणि पाऊस थोडाफार ठरल्या वेळी यायचा. आता तसे राहिलेले नाही. 1950 ते 2015 या काळात मध्य भारतात मोठ्या पट्ट्यावर एकाच वेळी कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीने वाढल्या. आठवड्याचा पाऊस एका रात्रीत पडतो आणि मग तीन-तीन आठवडे खंड. माळावरच्या झाडासाठी याचा अर्थ असा: वळवाच्या एका जोरदार सरीने बी उगवते, आणि पुढच्या खंडात ती सगळी पिढी करपते. लागोपाठ दुष्काळ पडला की मोजकीच झाडे शेंगा धरतात, त्यामुळे त्या वर्षीची रोपे मोजक्याच आयांची. अशी चार-पाच वर्षे गेली की झाडांची संख्या डोळ्यांना तेवढीच दिसते, आतली विविधता मात्र घटलेली असते. ताण सोसणारी, कीड झेलणारी, उशिरा फुटणारी अशी वेगवेगळी कुळे गुपचूप कमी होतात.

विविधता नसली की काय होते ते सुबाभळीने दाखवून दिले आहे. मोजक्याच वाणांवर जगभर लागवड झाली. 1980च्या दशकात मावा-तुडतुड्यांच्या जातकुळीतली एक बारीक कीड हवाई बेटांवर पोहोचली आणि तिथून देशामागून देश घेत भारतात आली. झाडे सगळी एकसारखी, त्यामुळे कोवळे शेंडे सगळीकडे सारखेच जळाले. आपल्या गावठी बाभळीत प्रकार आहेत: तेल्या आहे, झाडूसारखी सरळ वाढणारी रामकाठी आहे, आणि एकाच जातीत दर झाडागणिक फरक आहे. हेच आपले विमा संरक्षण.

आता काम कसे करायचे ते.

एका जातीचे बी किमान 25 ते 30 झाडांवरून घ्या, आणि त्या झाडांत निदान शंभर पावलांचे अंतर ठेवा, कारण जवळजवळची झाडे बहुधा एकाच आईची असतात. प्रत्येक झाडाचे बी सारखे घ्या, एकाचे दोन मुठी तर सगळ्यांचे दोन मुठी. खुरटे, वाकडे, खडकात उभे असलेले झाड सोडू नका. 1972चा दुष्काळ सोसून उभे राहिलेले म्हसोबाजवळचे हिवराचे झाड दिसायला सुंदर नसेल, पण त्याचे बी आधी घ्या. आफ्रिकेत गोरखचिंचेच्या सर्वांत जुन्या 13 झाडांपैकी 9 झाडे, पूर्ण किंवा त्यांचा सर्वांत जुना भाग, 2005 नंतरच्या काळात मेल्याचे 2018 मध्ये संशोधकांनी नोंदवले, आणि यामागे हवामान बदल असावा असा त्यांचा अंदाज आहे. म्हातारे झाड उभे आहे तोवरच त्याचा वंश पुढे नेता येतो.

एका गावात 30 झाडे मिळत नसतील तर शेजारच्या तीन-चार गावांनी मिळून बी जमवा आणि वाटून घ्या. चार भाग बी आपल्या परिसराचे आणि एक भाग आपल्यापेक्षा कोरड्या, उष्ण भागातले, असे मिश्रण मला योग्य वाटते. बारामतीकडच्या शेतकऱ्याने थोडे बी आटपाडी-जतकडून आणावे. सगळेच बाहेरून आणू नये. आपल्या मातीला रुळलेली झाडे आपलीच.

सगळ्यात चांगले मिश्र बी फुकट मिळते, ते मेंढरांच्या वाघरीत, म्हणजे रात्री मेंढरे कोंडतात त्या जाळीच्या कुंपणात. दिवसभर मेंढरे कोसभर फिरून कितीतरी बाभळींच्या शेंगा खातात आणि रात्री रवंथ करताना टणक बी तोंडातून टाकून देतात. शेतात मेंढरे बसवली असतील तर सकाळी वाघर उठल्यावर लेंड्यांमधले बी झाडून घ्या, चाळा, पाण्यात टाका, तरंगेल ते काढून टाका. पोटातून जाऊन आल्यामुळे कवच मऊ झालेले असते, उगवण चांगली होते. एक खबरदारी घ्याच. मेंढरे वेडी बाभूळही, म्हणजे बाहेरून आलेली, माळभर पसरणारी बाभूळही खातात. हातावर पसरून निवडा: गावठी बाभळीचे बी मोठे, चपटे-गोल, काळपट तपकिरी, दोन्ही बाजूंना लंबगोल रेघ असलेले, वेडीचे बारीक, लांबट, फिकट तपकिरी आणि चकचकीत. वेडीचा एकही दाणा माळावर जाऊ देऊ नका. माळ एकदा वेडीने धरला की गवत जाते आणि देशी रोपाला जागा राहत नाही.

झाडावरून घेतलेल्या बाभळीच्या आणि हिवराच्या बियांवर उकळते पाणी ओता आणि त्यातच ते रात्रभर थंड होऊ द्या. अंजनाचे बी नुसत्या साध्या पाण्यात भिजवले तरी चालते. अंजनाला भरपूर बी दरवर्षी येत नाही, तीन-चार वर्षांतून एकदा येते. यंदा तुमच्याकडे झाडे लदलेली असतील तर बाकीची कामे मागे ठेवा.

रोपवाटिका करणाऱ्यांना मला कळकळीने सांगायचे आहे. पिशवीत पहिल्या आठवड्यात उगवलेली, सर्वांत उंच रोपे ठेवायची आणि मागून आलेली उपटायची, ही सवय सोडा. टणक बियांची उगवण मागेपुढे होते, ती खोट नाही. पहिली सर फसवी निघाली तर उशिरा उगवणारेच वाचते. शिवाय माळावरचे झाड आधी मूळ खाली सोडते, मग वर वाढते. पिशवी फाडून एकदा पाहा: वीतभर रोपाचे मूळ कितीतरी वेळा तळाला पोहोचून वेटोळे घालून बसलेले असते. म्हणून पिशव्या लांब घ्या. शक्य तिथे थेट जागेवरच टोकणी करा: दोन-तीन बिया, बोटाच्या एका पेराएवढ्या खोल, वर बोरी-बाभळीच्या काट्या. सगळे बी एकाच दिवशी टोकू नका. अर्धे पहिल्या चांगल्या पावसावर, उरलेले जुलैत.

बोराच्या बागायतदारांसाठी वेगळे सांगतो. उमराण या बोराच्या वाणाची सगळी कलमे म्हणजे एकच झाड हजार ठिकाणी. बांधावरच्या गावठी बोरींवर सरसकट डोळे भरून कलमे करू नका. दहातल्या तीन-चार तशाच राहू द्या. उद्याचे खुंट त्यांच्याच बियांतून येणार आहेत.

माळाला सरकारी दप्तरात पडीक म्हणतात म्हणून तो झाडांनी गच्च भरायचा नसतो. हिवर, बाभूळ, पळस, आपटा ही झाडे विरळ उभी राहतात, मधले गवत मेंढरांचे आणि माळढोकाचे. दोन झाडांत 10 मीटरपेक्षा कमी अंतर नको. ताली-बांधावर आपोआप उगवलेली रोपे दिसली तर आधी ती राखा, भोवती काटे लावा. नायजरमध्ये शेतकऱ्यांनी नांगरताना शेतातले फुटवे राखले, आणि सुमारे 50 लाख हेक्टरवर झाडे परत आली, लागवड न करता. सावलीने पीक मारले जाते ही तक्रार खरी आहे. बाभळीच्या खालच्या फांद्या दर हिवाळ्यात छाटा, किंवा बांधावर हिवर ठेवा, त्याची सावली पातळ असते.

बी साठवताना कापडी पिशवी वापरा, सावलीत कोरडी ठेवा, भुंगा लागलेले, भोके पडलेले बी आधी निवडून काढा. पिशवीत चिठ्ठी टाका: झाडाचे नाव, गावे कोणती, किती झाडांवरून घेतले, महिना. बाभळीचे बी पुढच्या वर्षीही चालेल, अंजनाचे यंदाच वापरा. जून-जुलैत निंबोळी पिकेल, तेव्हा तिला वाळवत ठेवू नका. गोळा केल्यापासून दोन आठवड्यांत मातीत गेली पाहिजे.