कमर्शियल बिल्डिंगमधलं सोलर, बॅटरी आणि ईव्ही चार्जिंग: या लाइनमध्ये नवीन येणाऱ्यांसाठी

नवी मुंबईत ठाणे-बेलापूर रोडच्या पट्ट्यात, ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे, कुठल्याही मोठ्या ऑफिस बिल्डिंगमध्ये जा, गच्चीवर सोलर आहे, पार्किंगमध्ये चार्जर आहेत, आणि आता काही ठिकाणी डीजीच्या (डिझेल जनरेटरच्या) शेजारी बॅटरीचं कॅबिनेट पण येऊन बसलंय. तिन्ही गोष्टी तीन वेगळ्या व्हेंडरनी बसवलेल्या असतात आणि तिघांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. तो संबंध जोडायचा, म्हणजे कोणत्या वेळी कोणाला किती वीज द्यायची हे ठरवणारी सिस्टिम बसवायची आणि चालवायची, हे माझं काम. डिप्लोमा, बीई किंवा आयटीआय करून बाहेर पडलेली बरीच मुलं विचारतात की यात यायचं तर काय शिकू, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

सगळ्यात आधी बिल वाचायला शिका. मुलं थेट इन्व्हर्टरच्या डेटाशीटवर उडी मारतात आणि बिलाकडे बघतच नाहीत. महावितरणचं एखादं एचटी (उच्च दाबाच्या जोडणीचं) बिल मिळवा आणि त्यातला एकेक रकाना समजून घ्या, काँट्रॅक्ट डिमांड (करारात ठरलेली) काय, रेकॉर्डेड डिमांड (मीटरवर नोंदलेली) काय, बिलिंग डिमांड (जिचे पैसे लागतात ती) वेगळी का, टीओडीचे, म्हणजे वेळेनुसार बदलणाऱ्या दराचे, झोन कोणते. घरच्या बिलात आपण युनिट बघतो, इथे युनिटइतकीच डिमांड, म्हणजे एका वेळी ग्रिडमधून किती जोरात वीज ओढली ते, महत्त्वाची. मीटर अर्ध्या-अर्ध्या तासाच्या ब्लॉकमध्ये डिमांड मोजतो, त्यामुळे मोटर सुरू होतानाचा काही सेकंदांचा करंट बिलात फारसा दिसत नाही, पण वीस-पंचवीस मिनिटं एकत्र चाललेले चार्जर नक्की दिसतात. आणि बिलिंग डिमांड ठरवताना मागच्या ११ महिन्यांतल्या सर्वात मोठ्या बिलिंग डिमांडचे ७५ टक्के हा पण एक निकष असतो, म्हणजे मे महिन्यातला एक वाईट अर्धा तास दिवाळीनंतरही पाठ सोडत नाही. टॅरिफ कोणाचा लागतो तेही बघा. ऐरोलीच्या माइंडस्पेससारख्या पार्कमध्ये वीज वितरणाचा परवाना पार्कच्याच कंपनीकडे आहे, तिथला टॅरिफ आदेश वेगळा. २०२३ मध्ये केंद्राने ग्राहक हक्क नियमांत बदल केला आणि सोलरच्या तासांत दर कमी, पीकच्या (सर्वाधिक मागणीच्या) तासांत जास्त अशी दिशा ठरवून दिली, त्यामुळे आपल्या कामाचं अर्धं गणित आता घड्याळावर आलंय.

आता डिमांड कुठे उसळते ते बघा. सकाळी साडेनऊ ते दहा. लोक ऑफिसला येतात, लिफ्ट चालू, चिलर रात्रभर तापलेली बिल्डिंग गार करायला पूर्ण जोरात, आणि त्याच वेळी गाडीवाले आल्या आल्या चार्जर लावून वर निघून जातात. ७.४ किलोवॅटचे दहा चार्जर म्हणजे सरळ ७४ किलोवॅट, आणि त्या वेळेला सोलर अजून नीट वर आलेलं नसतं. याच गाड्या संध्याकाळी सहापर्यंत तिथेच उभ्या असतात ना! मग त्यांना अकरा ते तीनमध्ये वीज दिली तर कोणाचंही काही बिघडत नाही. ईएमएस (एनर्जी मॅनेजमेंट सिस्टिम), म्हणजे सुरुवातीला सांगितलेली वीज वाटणारी सिस्टिम, हेच करतं, मेन मीटर दर काही सेकंदांनी वाचतं, ठरवलेल्या डिमांडच्या लिमिटमधून बिल्डिंगचा लोड वजा करतं आणि उरलेलं चार्जरमध्ये वाटतं. फक्त एक लक्षात ठेवा, एसी चार्जिंगमध्ये ६ अँपिअरच्या खाली जाता येत नाही, तेवढंही उरलं नाही तर काही गाड्या थांबवून आळीपाळीने चालवाव्या लागतात. आणि सिंगल फेज चार्जर आर, वाय, बी या तीन फेजवर नीट वाटलेत का ते पॅनलवर स्वतः जाऊन बघा, ड्रॉइंगवर विश्वास ठेवू नका. सगळे एकाच फेजवर घेतलेले मी पाहिलेत.

पॉवर फॅक्टरचं प्रकरण मात्र कॉलेजमध्ये कोणी नीट सांगत नाही, आणि आपल्याकडे एचटीला एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर (केव्हीए-तासांवर) बिलिंग असल्यामुळे ते थेट पैशात येतं. पॉवर फॅक्टर म्हणजे किलोवॅट भागिले केव्हीए; केव्हीएमध्ये कामाचे किलोवॅट आणि मोटरसारख्या लोडला लागणारे, प्रत्यक्ष काम न करणारे केव्हीएआर, दोन्ही येतात. समजा बिल्डिंगचा लोड २०० किलोवॅट आणि १०० केव्हीएआर, म्हणजे साधारण २२४ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.८९. दुपारी सोलर १२० किलोवॅट द्यायला लागलं. आता ग्रिडमधून फक्त ८० किलोवॅट येतायत, पण केव्हीएआर १०० च्या १०० ग्रिडमधूनच, कारण इन्व्हर्टर युनिटी पॉवर फॅक्टरवर सेट केलाय, म्हणजे तो फक्त किलोवॅट देतो. हिशोब करा, १२८ केव्हीए, पॉवर फॅक्टर ०.६३ च्या आसपास. बिल्डिंगमध्ये काहीच बिघडलेलं नाही, तरी क्लायंट फोन करून म्हणतो तुमच्या सोलरने आमचा पॉवर फॅक्टर खराब केला, आणि त्याचा मीटर बघितला तर तो खरंच बोलत असतो. उपाय आहेत, एपीएफसी पॅनलचा (कपॅसिटर आपोआप जोडून पॉवर फॅक्टर सुधारणाऱ्या पॅनलचा) सीटी, म्हणजे करंट मोजणारा ट्रान्सफॉर्मर, सोलर जिथे जोडलंय त्या पॉइंटच्या कोणत्या बाजूला आहे ते तपासायचं, कपॅसिटरच्या स्टेप पुरेशा आहेत का बघायचं, किंवा इन्व्हर्टरकडूनच केव्हीएआर घ्यायचे. पण आधी हा हिशोब कागदावर मांडता आला पाहिजे.

बॅटरीबद्दल माझं मत जरा वेगळं आहे. सोलर साठवायला बॅटरी, असं सगळे म्हणतात, पण आठवड्यातले पाच दिवस ऑफिस बिल्डिंग आपलं सगळं सोलर दुपारीच खाऊन टाकते, उरतं ते शनिवार-रविवारी, आणि नेट मीटरिंग असेल तर ते ग्रिडमध्ये जमा होतं. कमर्शियलमध्ये बॅटरीची खरी कमाई डिमांडचं टोक कापण्यात आणि संध्याकाळच्या महाग तासांत आहे. म्हणून किती केडब्ल्यूएच (युनिट) हे विचारायच्या आधी किती किलोवॅट, किती वेळ हे विचारा. १०० केडब्ल्यूएचची बॅटरी ०.५ सी ला, म्हणजे दोन तासांत रिकामी होईल या वेगाने, ५० किलोवॅटच देते, ८० किलोवॅटचं टोक ती कापूच शकत नाही. त्यात चार्ज-डिस्चार्जमध्ये दहा-पंधरा टक्के वीज जाते, ती धरल्याशिवाय काढलेला पेबॅक (पैसे वसूल व्हायचा काळ) खोटा असतो. आणि जागा ठरवताना फायर सेफ्टीवाल्यांना पहिल्या दिवसापासून बरोबर घ्या, बेसमेंटमध्ये जागा रिकामी आहे म्हणून तिथे ठेवायची नाही.

साइटवरचा निम्मा वेळ कम्युनिकेशनमध्ये जातो. आरएस-४८५ ची दोन तारांची केबल, तिच्यावरून उपकरणं बोलतात ती मॉडबस भाषा, आणि रजिस्टरचा मॅप, म्हणजे उपकरणात कोणता आकडा कोणत्या पत्त्यावर आहे त्याची यादी. मीटर उत्तरच देत नसेल किंवा किलोवॅटच्या जागी काहीतरी अचाट आकडा दाखवत असेल तर घाबरू नका, क्रम पाळा: ए-बी वायर उलट नाहीत ना, बॉड रेट आणि पॅरिटी जुळतेय ना, एकाच आयडीची दोन उपकरणं नाहीत ना, मॅन्युअलमधला पत्ता एकने पुढे-मागे नाही ना, आणि ३२ बिटच्या आकड्यातले दोन शब्द उलटे तर नाहीत. शेवटची दोन कारणं फार वेळा निघतात. मॉडबससारखीच चार्जरच्या बाजूला ओसीपीपी ही भाषा असते, बिल्डिंगच्या चिलरकडे बहुतेक वेळा बॅकनेट. पायथॉन थोडं यायला हवं, पायमॉडबस लायब्ररी आणि स्वस्तात मिळणारा यूएसबी-४८५ कन्व्हर्टर घेऊन घरीच एक मीटर वाचून बघा, ओपनईएमएस हे ओपन सोर्स ईएमएस मोफत आहे, त्याचा कोड वाचा. इंटरव्ह्यूला येऊन कोणी सांगितलं की मी घरी मीटर वाचलाय, तर मी त्याची मार्कशीट नंतर बघतो.

ऐरोली-महापेला रात्रपाळीच्या ऑफिसांसाठी धावणाऱ्या इलेक्ट्रिक कॅब हा वेगळाच विषय आहे. तिथे सोलरचा काही उपयोग नाही, सगळा खेळ रात्रीच्या दराचा आणि वेळेचा. एका पार्किंगमध्ये आम्ही सगळ्यांना समान वीज वाटायचो, गणिताने एकदम बरोबर. एक ड्रायव्हर दादा म्हणाले, "साहेब, मला साडेतीनला दिवा भागातला पिकअप आहे, सत्तर टक्के झाले तरी चालतील. तो पलीकडचा सकाळी सातशिवाय हलत नाही, त्याला आत्ता कशाला देताय?" बरोबर होतं त्यांचं. तेव्हापासून सिस्टिममध्ये निघायची वेळ हा रकाना आला आणि वाटप त्यावर चालतं. गाडी वापरणाऱ्या माणसाशी बोलल्याशिवाय लॉजिक लिहू नका.

आणि लाइट गेल्यावर काय होतं हे प्रत्येक साइटवर विचारा. ग्रिड गेली की सोलर इन्व्हर्टर बंद पडतो, तो पडलाच पाहिजे, लाइनवर काम करणाऱ्या माणसाच्या जिवाचा प्रश्न आहे. मग डीजी सुरू होतो, इन्व्हर्टरला व्होल्टेज दिसतं आणि तो परत चालू होतो. रविवार असेल, लोड कमी असेल, तर सोलर लोडपेक्षा जास्त होऊन वीज उलटी डीजीत जाऊ शकते. म्हणून डीजीवर किमान ३० टक्क्यांच्या आसपास लोड राहील असा सोलरला आवर घालायचा, डीजी ओव्हरलोड होऊ नये म्हणून चार्जर बंद ठेवायचे किंवा अगदी कमी करायचे, वीज उलटी आली की तोडणारा रिव्हर्स पॉवर रिले टेस्ट करायचा. तसंच ईएमएसचं नेटवर्क तुटलं तर चार्जर कोणत्या करंटवर जाणार? उत्तर "पूर्ण" असेल तर ते कमिशनिंग (सिस्टिम तपासून चालू करून देणं) अर्धवट आहे.

कोर्सचं म्हणाल तर आयटीआयवाल्यांना सूर्यमित्र हा सोलरचा सरकारी कोर्स चांगला, डिप्लोमावाल्यांनी इलेक्ट्रिकल सुपरवायझरचं लायसन्स काढून ठेवावं, एनपीटीईएलवर (आयआयटींच्या ऑनलाइन कोर्सच्या साइटवर) सोलर आणि पॉवर इलेक्ट्रॉनिक्स मोफत आहे. पहिली नोकरी ओ अँड एमची (देखभाल-दुरुस्तीची) मिळाली तर नाक मुरडू नका, पावसाळ्यात गच्चीवर स्ट्रिंग (एकापुढे एक जोडलेल्या पॅनलची माळ) तपासताना जे कळतं ते डिझाइनच्या टेबलवर कळत नाही. फक्त डीसीशी खेळ नको. स्ट्रिंगला हजार व्होल्टपर्यंत असू शकतं, आणि लोड चालू असताना कनेक्टर ओढला तर आर्क विझत नाही, आधी इन्व्हर्टर बंद, मग आयसोलेटर (डीसीचा स्विच) बंद, मग मीटर लावून करंट शून्य आहे हे बघून हात लावायचा. वरिष्ठ घाई करत असले तरी.

आत्ता सुरुवात करायची असेल तर ओळखीच्या कुठल्याही बिल्डिंगच्या फॅसिलिटी मॅनेजरकडून मीटरचा लोड सर्व्हे डेटा (कोणत्या वेळी किती वीज ओढली त्याची नोंद) मागा, अर्ध्या तासाचा मिळाला तर उत्तम. एक्सेलमध्ये एका मे महिन्यातला आणि एका जुलैमधला सोमवार आणि रविवार शेजारी शेजारी काढा, आणि प्रत्येक उंचवटा कशामुळे आला ते त्या मॅनेजरला आणि तिथल्या इलेक्ट्रिशियनला विचारून आलेखावर लिहा.