लहान मुलांना खेळातून मासे आणि मासेमारी शिकवताय? या चुका टाळा

गेल्या पावसाळ्यात अंगणवाडीच्या भिंतीवर मी माशांचा रंगीत तक्ता लावला. शार्क, डॉल्फिन, नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचा समुद्रातला मासा. साडेचार वर्षांची एक पोरगी बराच वेळ तक्त्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, मरळ कुठं आहे याच्यात?" मरळ नव्हता. रोहू, कटला, शिंगी, काहीच नव्हतं. आणि डॉल्फिन तर मासाही नाही, तो आपल्यासारखा फुप्फुसानं श्वास घेतो.

आमच्या भंडारा-गोंदियाकडे मामा तलाव, म्हणजे जुने मालगुजारी तलाव आहेत, शेताशेतात बोड्या, म्हणजे छोटी तळी आहेत. तरी मासा शिकवायचा म्हटलं की आपण समुद्राकडे धावतो. माझ्या मते हीच सर्वांत मोठी चूक. मूल ताटात, बाजारात, तलावाच्या पाळीवर जे रोज बघतं, त्याचं नाव अंगणवाडीत निघतच नाही.

तो तक्ता काढून मी अंगणात चुन्यानं तीन पट्टे आखले: वरचं पाणी, मधलं पाणी, तळ. कटल्याचं तोंड वर वळलेलं असतं, तो वरच्या पाण्यात खातो. रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. मी नाव पुकारलं की मुलांनी त्या पट्ट्यात पळायचं. आठवडाभरात मुलं बाजारातल्या माशाचं तोंड बघून तो कुठं राहतो ते सांगू लागली. एकाच तलावात तिन्ही मासे का सोडतात, हेही त्यांना न सांगता कळलं.

गळाच्या खेळातल्या चुका

कागदी मासे, त्यांना स्टेशनरीची लोखंडी क्लिप, काडीला दोरा आणि दोऱ्याला चुंबक, हा खेळ मुलांना फार आवडतो. पण चुंबक निवडताना हयगय नको. खेळण्यांत येणारे चमकदार, वाटाण्याएवढे चुंबक अजिबात वापरू नका. मुलानं असे दोन गिळले तर ते पोटात आतड्याच्या भिंतीतून एकमेकांना ओढतात आणि आतड्याला भोक पडू शकतं. गिळल्याची शंका आली तरी वाट न बघता दवाखाना गाठा. जुन्या स्पीकरमधला मोठा गोल चुंबक घ्या, तो तोंडात मावत नाही.

काडी म्हणून धुऱ्यावरची (शेताच्या बांधावरची) तुराटी, म्हणजे तुरीची वाळलेली काडी, पटकन हाती येते, पण तिचं टोक डोळ्यात जाऊ शकतं. दोन्ही टोकांना चिंधी गुंडाळा. दोरा मुलाच्या कमरेच्या उंचीएवढाच ठेवा. लांब झाला की चुंबक झोके घेतो, मासा लागत नाही आणि पोर रडतं. चुंबक चिकटतच नसेल तर क्लिप तपासा, पितळ आणि ॲल्युमिनियमला तो धरत नाही. पाण्याचं टब नको. कागद भिजतो हे सोडा, लहान मूल वीतभर पाण्यातही बुडू शकतं. निळी ओढणी पसरली की झाला तलाव. खरी गरी, म्हणजे गळाचा अणकुचीदार आकडा, या वयात हातात नकोच.

"कोणी जास्त पकडले?" एवढंच विचारून खेळ संपवू नका. कांद्याची जाळीदार गोणी घ्या, तिच्यात मूग आणि भुईमुगाच्या शेंगा मिसळून हलवा. मूग गळतात, शेंगा राहतात. मोठ्या घरांच्या, म्हणजे मोठ्या भोकांच्या जाळ्यातून पिल्लं कशी सुटतात आणि ती पुढं का वाढतात, हे चार वर्षांच्या मुलालाही समजतं.

ढिवरांच्या, म्हणजे मासेमारी करणाऱ्यांच्या घरची मुलं वर्गात असतील तर "माशाचा वास येतो" असं कोणालाही म्हणू देऊ नका. जाळं विणणाऱ्या एखाद्या आजोबांना बोलवा. आमच्याकडे आजोबा आले, जाळ्याचं फाटलेलं घर सुईनं भरत बसले, आणि त्यांची नात इतर मुलांना गाठ कशी पडते ते बोटांनी दाखवत होती. एरवी ती तोंड उघडत नाही.

जिवंत मासा बाटलीत कोंडणं

बाटली भरून झाकण लावतात आणि मासा तासाभरात वर येऊन तोंड उघडझाप करायला लागतो. पाण्यातला प्राणवायू संपत आलेला असतो. नळाचं पाणी असेल तर क्लोरीन वेगळाच त्रास देतं. रुंद तोंडाचं भांडं, तलावाचंच पाणी, थोडा वेळ बघणं आणि परत सोडणं, एवढंच ठेवा. शिंगीला तर हात लावू देऊ नका, तिच्या बाजूच्या काट्यात विष असतं.

पावसाळ्यात मरळाची केशरी पिल्लं झुंडीनं वर येतात, खाली जातात, आणि आईबाप राखण करत फिरतात. ती झुंड ओंजळीत धरायला मुलं धावतात. काठाचा चिखल निसरडा असतो, म्हणून पाळीवरून, हात धरूनच दाखवा. आम्ही दाखवून आणलं. दुसऱ्या दिवशी अंगणात बारा मुलं एकदम उठत होती, एकदम बसत होती, आणि मरळाची आई झालेली ती तक्त्यासमोरची पोरगी मला जवळ येऊ देत नव्हती.