कोकणातल्या झडीत खिडक्या का गळतात आणि त्या कशा दुरुस्त कराव्यात

कोकणात खिडकीवाटे घरात येणारे पाणी बहुतेक वेळा झडीचे असते. रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत वर्षाकाठी सुमारे ३००० मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस होतो, त्यातला बराचसा जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत होतो, आणि तो नैर्ऋत्येच्या व पश्चिमेच्या वाऱ्यावर स्वार होऊन येत असल्यामुळे समुद्राकडे तोंड असलेल्या भिंतीवर आडवा आदळतो. म्हणूनच एकाच घरातली पूर्वेची खिडकी कोरडी राहते आणि पश्चिमेच्या खिडकीखाली रोज फडके पसरावे लागते.

वारा पाण्याला किती वर ढकलतो, हे एकदा समजून घेतले की दुरुस्तीची दिशा आपोआप कळते. वाऱ्याचा वेग ताशी ५४ किलोमीटर असेल तर भिंतीवर सुमारे १३५ पास्कल दाब येतो आणि तेवढा दाब साधारण १४ मिलिमीटर उंचीचे पाणी पेलून धरतो. वेग ताशी ७२ किलोमीटर झाला की हीच उंची २४ मिलिमीटरच्या पुढे जाते. आता आपल्या सरकत्या अ‍ॅल्युमिनियम खिडकीच्या खालच्या रुळाची आतली कड फूटपट्टीने मोजावी. ती जर १५ मिलिमीटरच असेल, तर जोराच्या वाऱ्यात रुळात साठलेले पाणी ती कड ओलांडून आत येणारच. जून २०२० मध्ये रायगडच्या किनाऱ्यावर आदळलेल्या निसर्ग चक्रीवादळासारख्या वाऱ्यात तर कोणतीही साधी सरकती खिडकी कोरडी राहू शकत नाही. त्यामुळे खिडकीत थेंबही शिरू नये असा हट्ट न धरता, शिरलेल्या पाण्याला बाहेर पडायची वाट सतत मोकळी ठेवणे हा दुरुस्तीचा पाया मानावा.

हे मी आमच्या घरच्या अनुभवावरून आग्रहाने सांगत आहे. पश्चिमेची खिडकी गळू लागली तेव्हा कारागिराने बाहेरून चौकटीच्या तळाची प्रत्येक फट सिलिकॉनने बुजवली आणि त्या भरात रुळातले पाणी बाहेर सोडणारी दोन लांबट भोकेही बंद झाली. पहिल्याच मोठ्या झडीत रूळ काठोकाठ भरला आणि पाणी आतल्या बाजूने भिंतीवरून ओघळत पलंगावरच्या गादीपर्यंत पोहोचले. ते सिलिकॉन पात्याने खरवडून भोके मोकळी केल्यावर तीच खिडकी उरलेला पावसाळा जवळजवळ कोरडी राहिली.

पहिली पायरी: पाणी नेमके कुठून येते ते शोधणे

सिलिकॉनची नळी विकत आणण्याआधी दोन-तीन पावसांत नीट पाहणी करावी. पाऊस सुरू होताच रुळावरून पाणी येत असेल तर दोष खिडकीतच आहे. पाऊस थांबून काही तास झाले तरी वरच्या कडेकडून थेंब पडत असतील, तर पाणी छज्जाच्या सांध्यातून किंवा वरच्या भिंतीतून झिरपत आहे. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी गेलेली भेग, गिलाव्यावर उमटलेले पांढरे क्षार आणि फुगलेला रंग हीदेखील भिंतीतल्या पाण्याचीच लक्षणे आहेत. अशा ठिकाणी चौकटीभोवती कितीही सिलिकॉन लावले तरी काही उपयोग होत नाही.

खात्री करून घेण्यासाठी पाण्याची चाचणी करावी. मे महिन्यात अनेक वाड्यांवर पाण्याची ओढ असते, तेव्हा नळी सोडून न देता झाडांना पाणी घालायची झारी आणि दोन बादल्या पाणी घ्यावे. एकाने आत विजेरी घेऊन उभे राहावे आणि दुसऱ्याने बाहेरून आधी फक्त खिडकीखालच्या दगडी पाटावर पाणी सोडावे. पाच ते दहा मिनिटे थांबून आत काही दिसले नाही तर खालचा रूळ, मग बाजूचे सांधे आणि सर्वांत शेवटी वरची कड व छज्जा अशा क्रमाने वर जावे. वरून सुरुवात केल्यास पाणी सगळीकडून ओघळते आणि दोष कोठे आहे हे कधीच कळत नाही. वरच्या मजल्यावरच्या खिडकीसाठी बाहेर वाकून हे काम करू नये. परांची बांधून घ्यावी किंवा सराईत माणूस बोलवावा.

दुसरी पायरी: खिडकीखालचा पाट आणि छज्जा

माझ्या पाहण्यात सर्वाधिक चुका येथेच होतात. खिडकीखाली बसवलेल्या कडप्प्याला किंवा ग्रॅनाइटला बाहेरच्या दिशेने स्पष्ट उतार हवा, पण पुष्कळ घरांत तो सपाट, क्वचित आतल्या बाजूला कललेला असतो. पाणसळ (उतार मोजायची बुडबुड्याची पट्टी) नसेल तर पाटावर चमचाभर पाणी ओतून ते कोणत्या बाजूला धावते ते पाहावे. ते जागीच थबकले किंवा चौकटीकडे वळले, तर गवंड्याकडून दगड काढून पुन्हा उतारात बसवून घेण्याला पर्याय नाही. तो पुन्हा बसवताना भिंतीच्या पुढे ४० ते ५० मिलिमीटर येऊ द्यावा, त्याची दोन्ही टोके बाजूच्या गिलाव्यात नीट शिरलेली असावीत, आणि पुढच्या कडेपासून थोडे आत, खालच्या अंगाला सुमारे १० मिलिमीटर रुंदीची खाच सलग मारून घ्यावी. ही खाच नसेल तर पाणी दगडाच्या पोटाला चिकटून मागे भिंतीपर्यंत जाते. खाच असली की ते तिच्या काठाशी येऊन खाली टपकते. छज्जाच्या खालच्या कडेलाही हीच खाच लागते.

तिसरी पायरी: भिंत

चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, भिंत वेगळी वागते. जांभा सच्छिद्र असल्यामुळे पाणी पितो आणि ते सावकाश आत सोडतो. चिऱ्यांच्या सांध्यांमधला दर्जा, म्हणजे सांध्यात भरलेला माल, झिजलेला असेल, तर तो खरवडून, सांधा ओला करून नव्याने भरावा व काही दिवस त्यावर पाणी मारावे. त्यानंतर भिंत पूर्ण वाळली की सिलेन-सिलॉक्झेन जातीचे, वाफ बाहेर जाऊ देणारे पारदर्शक जलरोधक द्रावण लावावे. चिऱ्यावर ऑइल पेंट मात्र लावू नये. आत अडकलेला ओलावा त्याला फोडून बाहेर येतो आणि चिऱ्याचे पापुद्रे सुटू लागतात.

बाहेरून आत येणाऱ्या वायरी आणि एसीच्या नळ्याही तपासाव्यात. भोक आतून बाहेर उतरते असावे आणि वायरीला भिंतीत शिरण्यापूर्वी खाली झोळ द्यावा, म्हणजे तिच्यावरून आलेले पाणी झोळातून खाली पडते. भिंतीत रोवलेल्या ग्रिलच्या सळ्यांभोवतीही अशीच वाट तयार होते.

चौथी पायरी: चौकट आणि भिंत यांमधला सांधा

जुने, सुटलेले सिलिकॉन पूर्ण काढावे. त्याच्यावर नवा थर दिल्यास तो धरत नाही. सांधा ब्रशने साफ करून, कोरडा करून, अ‍ॅल्युमिनियमची कड आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावी. फट खोल असेल तर आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी, म्हणजे सिलिकॉन फक्त दोन्ही बाजूंना चिकटते आणि ऊन-पावसात सांधा हलला तरी फाटत नाही. फट ६ ते १० मिलिमीटर रुंद आणि सिलिकॉनचा थर तिच्या निम्म्या जाडीचा, हे प्रमाण चांगले टिकते.

दुकानात सिलिकॉन मागताना ‘न्यूट्रल’ असा स्पष्ट शब्द वापरावा. व्हिनेगरसारखा उग्र वास येणारे स्वस्त सिलिकॉन काचेला चालते, पण त्यातून सुटणारे आम्ल सिमेंटच्या क्षारांशी प्रक्रिया करते, त्यामुळे गिलाव्यावरची त्याची पकड सुटते. सांध्यावर रंग द्यायचा असेल तर पॉलियुरेथेन सीलंट घ्यावे, कारण सिलिकॉनवर रंग बसत नाही. सांधा वरच्या व दोन्ही बाजूंच्या कडांना सलग भरावा. खाली चौकट आणि पाट यांमधली फटही भरावी, पण चौकटीतल्या भोकांना हात लावू नये. खारे वारे साध्या स्क्रूंना वर्ष-दोन वर्षांत खातात, तेव्हा याच वेळी ते काढून स्टेनलेस स्टीलचे बसवावेत.

पाचवी पायरी: खिडकीचे पल्ले

सरकत्या खिडकीच्या पल्ल्याला लावलेला लोकरीसारखा ब्रश आणि काचेभोवतीचे रबर काही वर्षांत चपटे व कडक होतात. दोन्ही स्वस्त आहेत आणि फॅब्रिकेटर ते तासाभरात बदलून देतो. रूळ आखूड कडेचा असेल तर आतली कड उंच असलेला रूळ बसवता येईल का, हेही त्याला विचारावे.

फणसाच्या, आईनाच्या किंवा सागाच्या लाकडी खिडक्यांत तावदानाभोवतीची लांबी, म्हणजे काच पक्की बसवणारी पुट्टी, वाळून तडकते. ती खरवडून, लाकडाला प्राइमरचा हात देऊन, खडूची पूड व जवसाचे तेल मळून केलेली लांबी भरावी. तिच्यावर साय धरायला आठवडा-दोन आठवडे लागतात. त्यानंतर रंग देताना तो काचेवर दोन मिलिमीटर चढू द्यावा, म्हणजे काच आणि लांबी यांमधली केसाएवढी फटही झाकली जाते. जुलैत फुगून घट्ट झालेल्या झडपेला लगेच रंधा मारू नये. लाकूड जानेवारीत आकसते आणि जी जागा मोकळी केली तेथेच पुढच्या वर्षी फट राहते. झडप वाळल्यावर तिच्या वरच्या व खालच्या कडांनाही रंग द्यावा. सुतार व रंगारी दोघेही या कडा बहुधा विसरतात आणि लाकूड ओल पिते ते तिथूनच.

ही सारी कामे एप्रिल-मेमध्ये, मृग लागण्याआधी उरकावीत. पावसाळ्याच्या मध्यात ओल्या सांध्यावर सीलंट धरत नाही. तोवर छज्जाला ताडपत्री किंवा झावळ्यांचे झाप तिरके बांधून झड अडवावी. जुन्या घरांच्या पडव्या याच उपायाने कोरड्या राहत आल्या आहेत.

दुरुस्ती झाल्यावर रूळ पुसून, केरसुणीचा एक हीर घेऊन प्रत्येक भोकातून आरपार फिरवावा. माती, मेलेले किडे आणि रंगाचे कपचे निघतात. मग आतून रुळात तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे आणि बाहेर पाहावे. दोन्ही भोकांतून धार लागली आणि पाणी पाटावरून पुढे जाऊन खाचेशी टपकले, म्हणजे ती खिडकी पावसासाठी तयार आहे. पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी हीर फिरवावा.