बाँडिंगच्या संशोधनात पाऊल टाकताना

दाताला रेझिन (फिलिंगचं प्लास्टिकसारखं द्रव्य) चिकटवण्याच्या संशोधनात आलात की सगळ्यात आधी भेटतो तो मेगापास्कलमधला (ताणाच्या एककातला) आकडा. अमुक अ‍ॅडहेसिव्हची (चिकटवणाऱ्या द्रवाची) बाँड स्ट्रेंथ, म्हणजे सांधा तोडायला लागणारा ताण, तीस, तमुकची चाळीस, म्हणजे चाळीसवालं भारी. मी दंतवैद्यकातून प्रयोगशाळेत आले तेव्हा माझीही समजूत अशीच होती. आज नव्या विद्यार्थ्याने असा तक्ता समोर ठेवला की मी आधी विचारते, तुटलेले नमुने कुठे आहेत?

ते का विचारते हे कळायला दात कशाचा बनलाय हे नीट माहीत हवं. इनॅमलमध्ये, म्हणजे दाताच्या बाहेरच्या कठीण थरात, वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असतं. १९५५ मध्ये मायकेल बुओनोकोर यांनी ८५ टक्के फॉस्फोरिक आम्ल इनॅमलवर तीस सेकंद लावलं आणि त्यावर अ‍ॅक्रिलिक कितीतरी जास्त टिकतं असं दाखवलं. कल्पना त्यांना उद्योगातून मिळाली होती. धातूवर रंग नीट बसावा म्हणून तिथे हे आम्ल वापरत. आता एचिंगसाठी, म्हणजे आम्लाने पृष्ठभाग खरखरीत करण्यासाठी, साधारण ३५ ते ३७ टक्क्यांचं जेल वापरतात, पण तत्त्व तेच.

डेंटिनचं, म्हणजे इनॅमलखालच्या थराचं, मात्र तसं नाही. खनिज सुमारे ७० टक्के, उरलेलं मुख्यतः कोलॅजेन हे प्रथिन आणि पाणी, शिवाय पल्पपर्यंत (दाताच्या आतल्या मऊ गाभ्यापर्यंत) जाणाऱ्या बारीक नलिका. आम्लाने खनिज निघून गेलं की कोलॅजेनचे तंतू उघडे पडतात. त्यांच्यामध्ये रेझिन शिरून जो मिश्र थर बनतो, त्याला नाकाबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये हायब्रिड लेअर म्हटलं. एचिंगनंतर डेंटिन हवेने कोरडं ठाक केलं तर ओल्या ब्रशचे केस वाळून चिकटावेत तसे हे तंतू एकमेकांवर बसतात आणि रेझिनला वाट उरत नाही. फार ओलं ठेवलं तर पाणी आतच अडकतं. या दोन टोकांमधली जागा हाताला सापडायला सराव लागतो. म्हणून प्रयोग सुरू करण्याआधी नुसत्या सरावासाठी वेगळे दात ठेवा. त्यांचे आकडे प्रबंधात घालायचे नाहीत.

दातांचं म्हणाल तर, त्यांची नैतिक परवानगी आधी काढा, त्याला वेळ लागतो. आयएसओ या आंतरराष्ट्रीय मानक संस्थेच्या ११४०५ क्रमांकाच्या मार्गदर्शक दस्तऐवजानुसार काढलेला दात महिन्याभरात वापरलेला उत्तम, सहा महिन्यांपेक्षा जुना नको. तो दस्तऐवज सुरुवातीलाच पूर्ण वाचा. दात कशात ठेवला होता, स्मिअर लेअर (घासल्यावर बसणारा भुग्याचा थर) कोणत्या ग्रिटच्या, म्हणजे किती खरखरीत, कागदाने तयार केला, डेंटिन वरचं होतं की पल्पजवळचं, या प्रत्येक गोष्टीने निकाल बदलतो. वहीत सगळं लिहा, अगदी लाइट क्युअरिंगचा, म्हणजे रेझिन कडक करणारा, दिवा त्या दिवशी रेडिओमीटरवर (प्रकाशाची तीव्रता मोजणाऱ्या यंत्रावर) किती दाखवत होता तेही.

आता चाचणी. शिअर टेस्ट (सांध्याला समांतर ढकलून तोडण्याची) सोपी आणि स्वस्त, म्हणून सगळे तिकडे वळतात. पण त्यात ताण सांध्यावर सारखा पसरत नाही, एका कडेला एकवटतो. त्यामुळे तडा पुष्कळदा डेंटिनमध्येच शिरतो, आणि मग कुणीतरी लिहितं की बाँड दातापेक्षाही मजबूत आहे. तो निष्कर्ष चुकीचा आहे. तिथे सांधा तपासलाच गेलेला नसतो, ताणाने वेगळी वाट धरलेली असते. १९९४ मध्ये सानो यांच्या गटाने मायक्रोटेन्साइल पद्धत मांडली. तिच्यात साधारण एक चौरस मिलिमीटर छेदाच्या काड्या कापून ओढतात. छेद लहान, त्यामुळे दोष कमी आणि आकडे मोठे. म्हणजेच या दोन पद्धतींचे आकडे एकमेकांशेजारी ठेवून तुलना करायची नसते.

या पद्धतीत दोन प्रश्न टाळता येत नाहीत. एका दातातून अनेक काड्या निघतात, पण त्या स्वतंत्र नमुने नाहीत; नमुना म्हणजे दात, काडी नव्हे. संख्याशास्त्रज्ञाला प्रयोगाआधी भेटा. दुसरं, कापतानाच ज्या काड्या सुटल्या त्यांचं काय? त्या गाळल्या तर दुबळं अ‍ॅडहेसिव्ह कागदावर बळकट दिसतं. त्यांची संख्या लिहा, त्या कशा मोजल्या तेही लिहा. मग प्रत्येक तुटलेली काडी मायक्रोस्कोपखाली पाहा आणि सांध्यातच सुटली, डेंटिनमध्ये तुटली, कंपोझिटमध्ये (वर लावलेल्या फिलिंगच्या रेझिनमध्ये) की मिश्र, याची नोंद करा. काम कंटाळवाणं आहे, पण मला बाँडिंग खऱ्या अर्थाने कळलं ते याच टेबलावर.

विषय निवडताना काळाचा विचार करा. चोवीस तासांनंतरचे आकडे बहुतेक चांगल्या अ‍ॅडहेसिव्हचे चांगलेच येतात. फरक दिसतो तो पाण्यात सहा महिने, वर्षभर ठेवल्यावर. रेझिन पाण्याने झिजतं, आणि ज्या कोलॅजेनला रेझिनने नीट वेढलेलं नाही त्याला डेंटिनमधलीच एमएमपी ही कोलॅजेन तोडणारी एन्झाइम्स खातात. पॅशली यांच्या गटाने हे २००४ मध्ये दाखवलं. क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाने ही एन्झाइम्स रोखण्याचे प्रयत्न त्यानंतरच वाढले. टेन-एमडीपीसारखा मोनोमर (रेझिन ज्यापासून बनतं तो रेणू) कॅल्शियमशी रासायनिक बंध बांधतो, म्हणून आजच्या सौम्य सेल्फ-एच (वेगळं आम्ल न लावता स्वतःच एच करणाऱ्या) अ‍ॅडहेसिव्हमध्ये त्याला इतकं महत्त्व आहे. पदवीचा काळ ठरलेला असेल तर जुने करायचे नमुने पहिल्या वर्षातच पाण्यात पडायला हवेत.

हातांची काळजी घ्या, हे कळकळीने सांगते. हेमा आणि इतर मेथाक्रिलेट मोनोमर साध्या हातमोज्यांमधून काही मिनिटांत आरपार जातात, आणि एकदा अ‍ॅलर्जी बसली की ती सहसा जात नाही. थेंब पडला की हातमोजा लगेच बदला. बाटलीचं झाकण उघडं ठेवू नका. त्यातला असिटोनसारखा द्रावक उडून गेला की आतलं अ‍ॅडहेसिव्ह पहिल्यासारखं राहत नाही.

पॉलिमर रसायनातून येणाऱ्यांनी एखाद्या दंतवैद्याशेजारी बसून प्रत्यक्ष फिलिंग होताना पाहावं. दंतवैद्यांनी रसायनाच्या माणसाकडून पॉलिमरायझेशन शिकून घ्यावं. आणि दोघांनीही दातांच्या मानेजवळच्या, कीड नसलेल्या झिजेवर झालेल्या क्लिनिकल चाचण्या वाचाव्यात. त्या खळग्यांना फिलिंग अडकून राहील असा आकार जवळपास नसतो, त्यामुळे ते टिकलं तर मुख्यतः अ‍ॅडहेसिव्हच्या जोरावर. प्रयोगशाळेत कोणती चाचणी करावी हे ठरवताना मी आजही आधी तेच निकाल उघडते.